आधी सुतळी, मंग फक्की

“धरा जरा.”

एवढंच म्हणून ते सुतळीचं एक टोक समोरच्याच्या हातात द्यायचे आणि उलटे चालत निघायचे. समोर कोण आहे, त्याला वेळ आहे का, त्याच्या हातात चहाचा कप आहे का, हे बघायची पद्धत नव्हती. पोस्टमनने ती सुतळी धरली आहे, मुख्याध्यापकांनी धरली आहे, एकदा तर तपासणीला आलेल्या साहेबांनी पंधरा मिनिटं उन्हात धरली आहे. साहेब बिचारे “आता सोडू का?” म्हणून विचारत होते आणि हे पलीकडच्या टोकावरून ओरडत होते, “हलू नका साहेब! तुमी हललात की मैदान हलतंय!”

ते आमच्या शाळेचे खेळाचे सर. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. जळकोटकडचे. उंच, वाळके, गळ्यात शिट्टी आणि पँटच्या उजव्या खिशात कायम सुतळीचा गुंडा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस रोज कुणाच्या तरी बागेतला पेरू चोरून आणतो. मैदान आखायचं म्हटलं की आधी ती सुतळी ताणायची, मग तिच्या कडेकडेनं चुन्याची पांढरी फक्की सोडायची. घाई करणाऱ्या पोरांना त्यांचं एकच वाक्य असे, “आधी सुतळी, मंग फक्की.”

आणि मी मराठीची. लातूरची. हे दोन्ही मी त्या वेळी एका दमात सांगायची. लातूरला शिकलेलं माणूस मुखेड तालुक्यातल्या शाळेत नोकरीला आलं की पहिलं वर्षभर त्याचं नाक जरा वरच असतं. माझं दोन वर्षं होतं.

त्या नाकानिशी एका दुपारी मी शिक्षकांच्या खोलीत नववीच्या वह्या तपासत बसले होते. निबंधाचा विषय, पाण्याची बचत कशी करावी. बेचाळीस वह्या, आणि बेचाळीस वह्यांत पहिलं वाक्य एकच, ‘पाणी म्हणजे जीवन.’ दुसरं वाक्य तेच, तिसरंही तेच. मी कपाळावर हात मारून घेतला. “पालथ्या घड्यावर पाणी!” असं मोठ्यानं म्हणाले. विषयाला धरून होतं ते, पण कुणी हसलं नाही.

सर बशीत चहा ओतून पीत होते. त्यांनी बशी ठेवली, न विचारता एक वही उचलली आणि मोठ्यानं वाचत खोलीत फेऱ्या मारायला लागले. त्यांना बसून वाचताच यायचं नाही. चार पावलं झाली आणि थांबले.

“म्याडम, हितं ठेच लागली.”

“काय लागलं?”

“ठेच. ‘पाण्याची बचत करणे ही काळाची गरज आहे.’ बरं. कराची कशी? त्ये कुठं हाय?” त्यांनी पान उलटलं. “न्हाई. पान संपलं तरी नळ चालूच हाय की.”

मला असा राग आला! कबड्डीच्या माणसानं माझ्या वह्यांना हात लावायचा? मी म्हटलं, “सर, भाषा म्हणजे शिट्टी नव्हे. कुणीही वाजवावी.” खोलीतल्या सगळ्यांनी आपापल्या वह्यांत माना घातल्या. सर मात्र खूष झाल्यासारखे हसले. “ह्ये बेस बोललात. ह्याला ठेच न्हाई.”

आणि खरं सांगते, तुम्ही कुणाला सांगू नका, ती तिन्ही वाक्यं मीच पोरांना लिहून दिली होती.

दुसऱ्या दिवशी ते वर्गाच्या दारात. “म्याडम, तुमच्या लेकरांना एक निबंध माझ्याकडून. खो-खोचं मैदान कसं आखावं. जसं लिवतील तसं मी करून दाखवतो. आपल्या मनाचं कायच न्हाई.” नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही, म्हणून हो म्हणाले.

शुक्रवारी शेवटच्या तासाला सगळा वर्ग मैदानावर. पहिल्या मुलानं वही उघडून वाचलं, “प्रथम मैदान स्वच्छ करावे.” सरांनी झाडू मागवला आणि दीड एकराचं मैदान खरंच एका कोपऱ्यापासून झाडायला घेतलं. पोरं ओरडली, “सर, पुढचं, पुढचं!” “मग एक खांब रोवावा.” कुठं, ते लिहिलेलं नव्हतं. सरांनी पाण्याच्या टाकीला चिकटून रोवला. “खांबापासून सरळ चालत जावे.”

सर निघाले. मैदान संपलं, फाटक आलं, फाटकातून बाहेर पडले, रस्ता ओलांडला आणि समोरच्या हॉटेलात जाऊन बाकावर बसले. बेचाळीस पोरं फाटकाला लोंबकळून हाका मारून राहिलेली आणि हे तिकडं चहा सांगतायत. “थांबावे म्हणून लिवलंच न्हाई की रे! मी तर उदगीरला निघालतो, हितं बाकडं आडवं आलं.”

मी हसले. ठरवून आले होते की हसायचं नाही, पण डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, आमचं अंगणच त्या दिवशी असं वाकडं आखलं गेलं की दोन खांबांची तोंडं दोन गावांना.

मग ते टाकीच्या सावलीत बसले, आणि पहिल्यांदा मी माझ्या विषयातलं कुणाकडून तरी ऐकून घेतलं. “म्याडम, लेकराला पयलं इचारा, तू कुणाला सांगून राहिला? ज्यानं खो-खो जन्मात बघितला न्हाई, त्याला. मंग कुठून निघायचं, कुठं थांबायचं. ही दोन टोकं झाली. टोकं घट्ट धरली की मधी काय काय लागतं, कशाच्या मागं काय, ते मांडा. सुतळी सरळ दिसली तर फक्की. आधीच फक्की टाकली की चूक पायानं पुसत बसा. अन् पुसलेलं दिसतंच की.”

“आणि लिहून झाल्यावर?”

“खेळून बघा.”

एवढंच त्यांचं शास्त्र. मी ते नाक मुरडत वर्गात नेलं. निबंधाआधी वहीच्या मागच्या पानावर ‘सुतळी’. तिथं वाक्य लिहायचं नाही, नुसते शब्द, कशामागून काय येणार तेवढे. मग निबंध. मग वह्यांची अदलाबदल, मोठ्यानं वाचन, आणि वाचणारा जिथं अडखळेल तिथं पेन्सिलीची बारीक फुली. पोरांनी तिला ‘ठेच’च नाव दिलं. “बाई, माझ्या निबंधाला सातच ठेचा लागल्या!” असं आनंदानं सांगत यायची. एकानं अर्धापूरला मामाच्या बागेत केळीचा घड कसा उतरवतात ते लिहिलं. एकानं सायकलची उतरलेली साखळी बसवली. आणि शिवकन्या नावाच्या मुलीनं ज्वारीची भाकरी कशी थापावी ते असं लिहिलं की मी वही घरी नेली, परातीशेजारी उघडी ठेवली आणि वाचून वाचून भाकरी केली. जन्मात पहिल्यांदा माझी भाकरी तव्यावर टम्म फुगली. माझ्या नवऱ्यानं तिचा फोटो काढला.

ही शिवकन्या तशी मुखदुर्बळ पोर. तिच्या वाडीहून यायला सोयीची एसटी एकच, आणि ती अगदी पहाटेची. त्यामुळे शाळा दहाची असली तरी ही साडेसहापासून मैदानाच्या कट्ट्यावर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली असायची. तीन-साडेतीन तास. आम्हाला त्याचं वाईट वाटायचं. पुढं काय झालं ते बघता, आमचं वाटणं चुकीच्या जागी होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर बातमी आली की संस्था मैदानाच्या रस्त्याकडच्या भागावर दुकानांचे गाळे बांधणार. बाजाराचा रस्ता, गाळे हातोहात जातील. जवळजवळ अर्धं मैदान जाणार होतं. महिन्याभरानं बैठक, आणि बैठकीत अप्पा म्हणतील तसं. अप्पा संस्थेचे अध्यक्ष, आडत बाजारातले जुने व्यापारी, कपाळावर विभूतीचे पट्टे, डोक्यावर पांढरी टोपी. माणूस वाईट नव्हे. पण “गाळे झाले की शाळेला रंग देऊ” असं ते इतक्या प्रेमानं सांगत होते की विरोध करणाऱ्यालाच लाज वाटावी.

सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. आठवडाभर सुतळी खिशाबाहेर आली नाही. अर्ध्या मैदानात खो-खो, कबड्डी आणि पळणं सगळं बसत नाही हो, ते कुणाला सांगणार? मैदान गेलं असतं तर त्या माणसाचं शाळेत यायचं कारणच गेलं असतं. मला ते बघवेना. मी रविवारी बसले आणि अप्पांच्या नावानं चार पानी निवेदन लिहून काढलं. काय लिहिलं होतं म्हणता!

सोमवारी सर ते वाचत मैदानावर चालायला लागले. एक पाऊल टाकलं आणि थांबले.

“‘मैदान हा शाळेचा श्वास आहे.’ म्याडम, श्वास म्हंजी किती फूट?”

“सर, हे तुमच्यासाठी लिहिलंय मी!”

“हाव, म्हाइतय.” त्यांचा आवाज जरा हलला. “लई मायेनं लिवलंत. पण अप्पा मान डोलवतील, वा म्हंतील, अन् गाळे बांधतील. ठाऊक असलेलं गोड करून सांगितलं, तर माणूस नुसतं गोड म्हंतंय. अप्पाला जे ठाऊक न्हाई, ते सांगा.”

मी कागद हिसकावून घेतले आणि तरातरा निघून आले. जिना चढता चढता कळलं की म्हातारा बरोबर बोलतोय. याचाच जास्त राग आला.

मग आम्ही वर्गाला विषय दिला, आपल्या मैदानावर दिवसभरात काय काय होतं. वाचणार कोण? अप्पा. निघायचं कुठून? उजाडताना. थांबायचं कुठं? अंधार पडला की. सरांनी खरोखरची सुतळी मैदानभर ताणली आणि पोरांना तिच्यावर वेळेप्रमाणे उभं केलं. सकाळची पोरं रस्त्याच्या टोकाला, संध्याकाळची टाकीच्या टोकाला. ज्यानं जे स्वतः बघितलं तेवढंच त्यानं लिहायचं. पहिल्या टोकाला शिवकन्या एकटीच उभी होती, कारण पहाटेचं मैदान तिच्याशिवाय कुणीच बघितलेलं नव्हतं.

तिनं पहिल्यांदा लिहिलं, ‘सकाळी खूप लोक येतात.’ सरांनी फुली मारली. “खूप म्हंजी?” दुसऱ्यांदा लिहिलं, ‘पोलीस भरतीचा सराव करणाऱ्या मुली पळतात.’ “किती? कुठून कुठं? अर्ध्या मैदानात पळता येतंय का?” ती रडकुंडीला आली. मी म्हटलं, “सर, पुरे आता.” पण पोरगी दुसऱ्या दिवशीपासून कट्ट्यावर पाटी घेऊन बसायला लागली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या रेघा ओढायला लागली. तिसरं लेखन आलं ते असं, की वाचताना मला तो सकाळचा गारवा लागला. अकरा मुली कुठून पळायला सुरुवात करतात, वळताना रस्त्याकडच्या कडुलिंबाला हात का लावतात, बाजाराच्या दिवशी बैलगाड्या कुठं सोडतात, सगळं. त्यात एक वाक्य होतं, ‘पांढरी टोपी घालणारे एक आजोबा रोज मैदानाला पाच चकरा मारतात आणि कट्ट्यावरच्या लोकांना सात झाल्या म्हणून सांगतात.’

मी त्यावर रेघ मारायला घेतली. म्हाताऱ्या माणसाची थट्टा कशाला? सरांनी माझा हात धरला नाही, पण पेन धरलं.

“खोटं हाय का?”

“नाही, पण...”

“मोजलेलं हाय ना गं, शिवकन्या?”

“हाव सर. धा दिवस.”

“मंग ऱ्हाऊ द्या म्याडम. ह्याला ठेच न्हाई.” त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मी दहाला शाळेत येणारी बाई. मैदानावर पहाटे कोण येतं हे मला कुठून कळणार?

बैठकीत मुलांनी आळीपाळीनं वाचलं. सुरुवात अर्थातच शिवकन्येची. अप्पा टोपी सारखी करून मान डोलवत ऐकत होते. अकरा मुली ऐकल्या, लिंब ऐकला, “वा, वा” म्हणाले. मग ते वाक्य आलं. सचिव छताकडं बघायला लागले. मुख्याध्यापकांनी डोळे मिटले. आणि माझ्या डोक्यात आत्ता कुठं उजेड पडला. अगं बाई! पांढरी टोपी!

अप्पांचे कान लाल झाले. “पाच? कोण म्हणालं पाच?”

शिवकन्या अर्धं पाऊल मागं सरकली. पण पोरगी म्हणाली, “मी मोजल्या, अप्पा. रोज. पाटीवर रेघा हायत.”

“सात अस्त्यात!”

“सहावीला तुमी लिंबाखाली बसता. मंग जाता.”

क्षणभर मला वाटलं, गेलं मैदान, आणि बरोबर माझी नोकरीही. आणि अप्पा हसायला लागले. आधी पोट हललं, मग टोपी, मग अख्खा माणूस. “बसतो गं माय, बसतो! गुडघा वढत न्हाई!” सचिव सुटले, मुख्याध्यापक सुटले, सगळी खोली हसली. हसण्यात सरांनी हळूच विचारलं, “अप्पा, उद्या सकाळी माझ्यासमोर चकरा मारता का? उगं मोजायला.”

“येतो! सात मारून दाखवतो!”

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच्या गाडीनं आले. अर्धं गाव कट्ट्यावर. अप्पा धोतराचा सोगा वर खोचून निघाले. पहिली चक्कर अर्धी झाली, तेवढ्यात रस्त्याकडच्या बाजूला सर आडवे आले. खिशातून सुतळी काढली आणि एक टोक अप्पांच्या हातात दिलं. “धरा जरा.”

अप्पांनी धरलं. सर उलटे चालत गेले, सुतळी पार समोरच्या कुंपणापर्यंत ताणली आणि तिथून ओरडले, “ही गाळ्याची भिंत, अप्पा! आता चक्कर पुरी करा!”

अप्पा सुतळीला पोट लावून उभे. लिंब पलीकडं राहिलेला. मागून भरतीच्या मुली पळत आल्या आणि त्याही सुतळीपाशी येऊन धापा टाकत थांबल्या. अप्पा बराच वेळ लिंबाकडं बघत राहिले. मग म्हणाले, “माझा गुडघा टेकायची जागाच काढून राहिलो व्हतो की मी.”

गाळे पुढं झाले, पण शाळेमागच्या पडक्या गोदामाच्या जागी. रंगही लागला. जरा भडक लागला, पण असो.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी त्यांना दीपस्तंभ, वटवृक्ष, काय काय म्हटलं. मी फक्त ते मैदान कसं आखतात तेवढं सांगितलं, पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत. ते पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. नंतर जवळ आले आणि म्हणाले, “एक बी ठेच न्हाई म्याडम.” मला आजवर मिळालेल्या सगळ्या प्रमाणपत्रांत ते मोठं आहे. मी आठवण म्हणून ती सुतळी मागितली, तर खिशावर हात ठेवून म्हणाले, “ही माझी हाय, शाळेची न्हाई. बाजारात मिळती की.” आणि जळकोटच्या गाडीत बसून गेले.

यंदा जूनमध्ये शाळा उघडली. नवे खेळाचे सर अजून आलेले नाहीत. खो-खो तर सुरू करायचा होता. मी बाजारातून सुतळीचा गुंडा आणला आणि सकाळच्या गाडीनं आले. गुंडा सोडला, एक टोक पुढं केलं आणि सवयीनं म्हणाले, “धरा जरा.”

समोर कुणीच नव्हतं. मैदान एवढं मोठं मला आधी कधी वाटलं नव्हतं. माझा हात तसाच पुढं राहिला.

तेवढ्यात मागून कुणीतरी ते टोक हातातून घेतलं. अप्पा होते. काठी बगलेत, कपाळावर घाम.

मी डोळे पुसून विचारलं, “किती झाल्या, अप्पा?”

“सात.”

बाजूनं शिवकन्या पळत गेली. आता भरतीच्या मुलींत ती पुढं असते. जाता जाता तिनं लिंबाला हात लावला आणि मान वळवून अप्पांकडं बघितलं.

अप्पांनी सुतळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. “पाच गं बाई,” ते म्हणाले, “पाच. म्याडम, जावा तुमी आता, ताणा तिकडून. मी हलत न्हाई.”